संशयाचे गुण



नेदरलँड्समध्ये आईवडील दोघंही कामावर जात असतील, तर मुलाच्या पाळणाघराच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. पैसे आधी अंदाजाने खात्यात जमा होतात, पक्का हिशेब मागाहून. थोडा हिस्सा पालकांनी पदरचा घालायचा, एवढी अट. योजना म्हणून उत्तमच. पण याच योजनेपायी 15 जानेवारी 2021 ला पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. जगभरात भेदभाव नव्याने कुठून शिरतोय असं मला कुणी विचारलं, तर मी आधी हे प्रकरण सांगतो.

सुरुवात 2013 ची. बल्गेरियातून काही लोक येतात, पत्ता नोंदवतात, भत्ते उचलतात आणि परत जातात, अशी बातमी तिथल्या टीव्हीवर झळकली. संसदेत गदारोळ झाला. फसवणूक मोडून काढा, असा सूर सगळ्याच बाकांवरून लागला. त्याच सुमारास कर खात्याने भत्त्याचे अर्ज चाळायला एक संगणकीय प्रणाली वापरायला घेतली. ती प्रत्येक अर्जाला जोखमीचे गुण द्यायची. गुण जास्त पडले की अर्ज तपासनिसाच्या टेबलावर. आता गुण कशावर? उत्पन्न कमी असेल तर जास्त. आणि अर्जदार डच नागरिक नसेल तरी जास्त. प्रणाली स्वतःच शिकत जाणारी होती. अमुक अर्जाला एवढे गुण का पडले, हे तपासनिसालाही कळत नसे. त्याला दिसायचा तो फक्त संशय.

पुढचा क्रम बहुतेक घरांत एकसारखाच. खात्याचं पत्र येतं: कागदपत्रं पाठवा. पालक पाळणाघराचा करार पाठवतात, बँकेचा उतारा पाठवतात. उत्तर येतं: पुरावा अपुरा. काय कमी पडलं, ते त्यात लिहिलेलं नसतं. मग भत्ता बंद, आणि मागच्या वर्षांचाही परत करा म्हणून नोटीस. करारावर एखादी सही राहिलेली असते, किंवा पदरच्या हिश्श्यातल्या काहीशे युरोंची पावती सापडत नसते. मागणी मात्र त्या काहीशेंची नसते, ती वर्षभराच्या संपूर्ण भत्त्याची असते. कित्येकांच्या डोक्यावर असे हजारो युरो बसले. त्यातून ‘हेतुपुरस्सर कृती किंवा घोर निष्काळजीपणा’ असा शेरा नावापुढे पडला, तर हप्ते बांधून मिळायचीही सोय उरायची नाही. पगारातून वसुली व्हायची, दुसरे भत्ते वळते करून घेतले जायचे. लोकांची घरं गेली, संसार मोडले. अशा कुटुंबांतली हजाराहून जास्त मुलं त्या काळात सरकारी आदेशाने आईवडिलांपासून दूर ठेवली गेली. त्यांतली किती या कर्जापायी, यावर तिथे अजून वाद आहे.

खापर संगणकावर फोडणं सोपं आहे आणि पुष्कळांनी ते फोडलं. मला ते पटत नाही. थोडं चुकलं तर सगळं परत, हा नियम काही प्रणालीने केलेला नव्हता. कायद्याचा तसा अर्थ खात्याने लावला आणि तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो ऑक्टोबर 2019 पर्यंत उचलून धरला. कडक वागा, हे सांगणारे लोकप्रतिनिधीच होते. प्रणालीने फक्त दारं निवडून दिली. पण ती निवडताना तिने कचेरीतल्या माणसाची एका गोष्टीतून सुटका केली. ‘तू परका दिसतोस म्हणून तुझा कागद मी पुन्हा तपासतो’ असं तोंडावर म्हणायची पाळी कुणावरच आली नाही. पूर्वी दार लावणाऱ्याचं तोंड तरी दिसायचं. त्याच्याशी भांडता यायचं, त्याच्यावर फिर्याद करता यायची. इथे तक्रार न्यायची कुणाकडे?

तरी काही माणसं भांडली. हेल्मंड शहरातल्या एव्हा गोन्सालेस पेरेस या वकीलबाईंनी एकेका कुटुंबाची बाजू लावून धरली. पीटर ओम्टझिख्ट आणि रेन्स्के लायटन या दोन खासदारांनी वर्षानुवर्षं प्रश्न विचारले. यातले ओम्टझिख्ट सत्ताधारी आघाडीतल्या पक्षाचे, हे विशेष. आपल्याच सरकारला असं धारेवर धरणारे खासदार कुठल्याही देशात बोटावर मोजण्याइतकेच. 2019 च्या शेवटी पालकांना त्यांच्या फायली बघायला मिळाल्या, तेव्हा त्यांत पानंच्या पानं वरपासून खालपर्यंत काळी केलेली होती. आपल्यावर संशय का घेतला, हे ज्यांना वाचायचं होतं, त्यांच्या हातात तो काळा गठ्ठा. त्याच सुमारास या कामाच्या राज्यमंत्र्यांनी पद सोडलं. पुढच्या वर्षी संसदीय चौकशी समितीने अहवाल दिला, त्याचं नावच ‘अभूतपूर्व अन्याय’. मंत्रिमंडळ पडलं, मार्चमध्ये निवडणूक झाली, आणि सर्वांत जास्त जागा पुन्हा रुट्टेंच्याच पक्षाला मिळाल्या. मतदारांचंही एक गणित असतं.

हे एकट्या नेदरलँड्सचं नाही. ऑस्ट्रेलियात 2016 ते 2019 या काळात सरकारी संगणकाने लोकांचं वर्षाचं उत्पन्न सरसकट पंधरवड्यांत वाटून टाकलं. सहा महिने कमावणारा आणि सहा महिने बेकार असलेला माणूस वर्षभर थोडं थोडं कमावत होता असं त्यातून दिसलं, आणि बेकारी भत्ता परत करा म्हणून लाखो पत्रं गेली. पुढे ती योजनाच बेकायदा ठरली. आपल्याकडे रेशनच्या दुकानात ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य ज्याने ऐकलंय, त्याला यातलं काही फार समजावून सांगायला नको. भांडी घासून, माती उपसून ज्याच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्याचाच अंगठा लागत नाही.

कायदाही आता हलू लागलाय. फेब्रुवारी 2020 मध्ये हेगच्या न्यायालयाने डच सरकारची आणखी एक प्रणाली थांबवली. ती वेगवेगळ्या खात्यांतली माहिती एकत्र करून फसवणुकीचा वास काढायची, आणि लावली जायची ती गरीब वस्त्यांना. ती कशी चालते हे सरकार उघड करत नाही, मग खासगी आयुष्यात एवढा हात घालणं रास्त की नाही हे तपासायचं कसं, असा न्यायालयाचा रोख होता. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा ऑगस्ट 2024 पासून लागू झाला. सरकारी भत्त्याला कोण पात्र हे ठरवणाऱ्या प्रणाली त्यात मोठ्या जोखमीच्या मानल्या आहेत आणि त्यांच्यावर माणसाची नजर असली पाहिजे अशी अट आहे. अट चांगलीच. मला शंका आहे ती नजर ठेवणाऱ्याबद्दल. डच कर खात्यातही गुण पडल्यावर अर्ज तपासायला माणूसच बसलेला होता.

त्याच खात्यात सांड्रा पाल्मेन नावाच्या कायदेविषयक अधिकारी होत्या. खात्याची वागणूक निंद्य आहे, या पालकांना भरपाई दिली पाहिजे, असं टिपण त्यांनी 2017 मध्येच वरिष्ठांना लिहून दिलं होतं. ते बाजूला पडलं आणि त्याही बाजूला पडल्या. नुकसानभरपाईचं हे सगळं काम राज्यमंत्री म्हणून 2024 च्या अखेरीस त्यांच्याकडेच आलं, तेव्हाही हजारो पालकांच्या फायलींचा निकाल लागायचा बाकी होता.