राष्ट्रध्वजाचा आदर आणि राष्ट्रप्रीतीची पारख

(मठाच्या वर्धापनोत्सवात कमलनगर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मठाच्या वर्धापनोत्सवात राष्ट्रध्वजाचा विषय कशासाठी, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मठ हे धर्मस्थान, आणि ध्वज ही राज्यव्यवहारातील वस्तू. परंतु बीदर जिल्ह्याच्या या सीमेवरील गावात हा प्रश्न इतक्या सहजतेने बाजूस सारता येत नाही. ज्या मुलखात एके काळी तिरंगा उभारणे हा अपराध होता, त्या मुलखातील माणसाला ध्वजाविषयी बारकाईने विचार करण्याचा अधिकार इतरांपेक्षा कांकणभर अधिकच आहे.

या विषयावर लोकांत दोन तट पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो की, ध्वजापुढे जो उभा राहत नाही, राष्ट्रगीताच्या वेळी ज्याचे ओठ हलत नाहीत, त्याच्या निष्ठेचा भरवसा काय? दुसरा पक्ष म्हणतो की, प्रीती ही मनाची गोष्ट. ती कवायतीने उत्पन्न होत नाही आणि कवायतीने मोजताही येत नाही. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे आहेत आणि दोन्ही पक्षांत केवळ वादाची हौस असलेलीही आहेत. म्हणून वचनांपेक्षा घडलेल्या गोष्टींकडे पाहणे अधिक श्रेयस्कर होय. आणि अशा गोष्टी या पंचक्रोशीत शोधाव्या लागत नाहीत.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी सर्व भारतात तिरंगा फडकला तेव्हा हैदराबाद संस्थान त्या आनंदाबाहेर होते. निजामाने संस्थान भारतात विलीन करण्यास नकार दिला होता. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टपासूनच भारतात सामील होण्याची चळवळ आरंभिली होती. १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ यांनी हैदराबाद शहरात सुलतान बाजारात तिरंगा उभारला आणि अटक पत्करली. स्वामीजींचा जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा; पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला त्यांनी शिक्षकाचे काम केले. कानडी मुलखात जन्मून मराठवाड्यात कार्य केलेला हा संन्यासी पुरुष दोन्ही भाषांच्या लोकांना आपलाच वाटला. भगवी वस्त्रे धारण करणाऱ्याने ध्वजासाठी तुरुंगात जावे यात त्या वेळी कोणास विसंगती वाटली नाही. तेव्हा मठाच्या व्यासपीठावर हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

त्या तेरा महिन्यांत तिरंगा हाती धरणे म्हणजे काय होते, हे आजच्या मुलांना सांगितल्याशिवाय कळणार नाही. आज ध्वज दुकानात मिळतो. तो लावणाऱ्यास शाबासकी मिळते. तेव्हा तो घरात सापडला तरी रझाकारांच्या हाती जीव जाण्याची भीती असे. बसवकल्याणजवळच्या गोर्टा गावी १९४८ च्या मे महिन्यात रझाकारांनी जे हत्याकांड केले, त्याच्या आठवणी या भागातील घराघरांत आहेत. बळी पडलेल्यांचा आकडा दोनशेच्या आसपास सांगितला जातो. त्या गावी २०२३ च्या मार्चमध्ये १०३ फूट उंचीच्या स्तंभावर तिरंगा चढविण्यात आला. १९४८ च्या लहानशा ध्वजाला तेवढ्या उंचीची गरज नव्हती, कारण तो धरणाऱ्याने आपला प्राण पणाला लावला होता.

याच कालखंडात हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचे एक तरुण संपादक होते. त्यांचे ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे निर्भयपणे लिहीत असे. १९४८ च्या ऑगस्टमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला; मारेकऱ्यांनी त्यांचा हात तोडला आणि त्यांचा प्राण घेतला. त्यांनी कोठे ध्वज उभारला होता काय, हे कोणी विचारीत नाही, आणि विचारण्याचे प्रयोजनही नाही. ज्या भाषेला त्या काळी कित्येक लोक शत्रूची भाषा समजत होते, त्याच भाषेत त्यांनी भारताची बाजू मांडली.

आता कमलनगरचीच गोष्ट. भालकीच्या हिरेमठ संस्थानचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरु यांचे हे जन्मगाव. निजामी अमदानीत शाळांतून उर्दूचा अंमल होता आणि देशी भाषांना दाराबाहेर उभे राहावे लागे. तेव्हा पट्टद्देवरांनी केलेली युक्ती या परिसरात सर्वश्रुत आहे: बाहेर उर्दूची पाटी आणि आत कन्नडचे पाठ. १९९९ साली ते लिंगैक्य झाले तरी ही गोष्ट अजून सांगितली जाते, आणि सांगताना श्रोते हसतात. त्या हसण्यात थोडा अभिमान असतो, थोडी गंमत असते. परंतु या गोष्टीचा आजच्या विषयाशी असलेला संबंध सहसा कोणी लक्षात घेत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्याने ती पाटी वाचून शाळाचालकाच्या निष्ठेचा निवाडा केला असता, तर तो किती चुकला असता! दरबारचा अधिकारी संतुष्ट झाला असता, आणि कन्नडप्रेमी मनुष्य संतापला असता. दोघांचाही निवाडा खोटा ठरला असता, कारण दोघांनी पाटी वाचली, पाठ ऐकला नाही.

याच्या उलट गोष्टही सांगितली पाहिजे. उत्सवाच्या प्रसंगी ती अप्रिय वाटली तरी ती टाळणे सत्यास धरून होणार नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि तिरंगा संस्थानात सर्वत्र आला. त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक गावी निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविण्यात आला. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांची संख्या २७ ते ४० हजारांच्या दरम्यान अंदाजली आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पोळल्याचे नमूद केले. तो अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नव्हता. हात उगारणाऱ्यांपैकी कित्येकांनी स्वतःस देशभक्तच म्हणविले असेल. कालपर्यंत ज्या ध्वजासाठी माणसे मरत होती, त्याच ध्वजाच्या छायेत हे घडले. त्याच अहवालात मात्र अशीही नोंद आहे की, एके ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या व्यवसायबंधू मुसलमान विणकरांचे हल्लेखोरांपासून रक्षण केले. त्या विणकरांची नावे कोणत्याही स्तंभावर कोरलेली नाहीत. १७ सप्टेंबर सीमेच्या या बाजूस कल्याण कर्नाटक उत्सव दिन म्हणून आणि त्या बाजूस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. तेलंगणात तर त्या दिवसास कोणते नाव द्यावे याबद्दलच मतभेद आहेत.

गीताविषयीही असेच दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९३८ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थी हटले नाहीत, आणि त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. दुसरा प्रसंग १९८५ चा, केरळातील. यहोवाचे साक्षी या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु गात नसत. ईश्वराव्यतिरिक्त अन्य कोणाचे स्तवन त्यांच्या पंथास मान्य नाही. त्यांनाही शाळेतून काढून टाकण्यात आले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात त्या मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. मुले उभी राहतात, कोणाचा अवमान करीत नाहीत, मग केवळ न गाण्यावरून त्यांना शिक्षा करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

पहिल्या प्रसंगी मुले गायिली म्हणून गेली, दुसऱ्या प्रसंगी गायिली नाहीत म्हणून गेली. दोन्ही ठिकाणी काढून टाकणाऱ्याच्या तोंडी निष्ठेचीच भाषा होती. पहिला प्रसंग ऐकून ज्याची मान ताठ होते, त्याने दुसऱ्या प्रसंगी त्या भावंडांच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. हे सोपे नाही. १९३८ च्या विद्यार्थ्यांविषयी आपुलकी वाटते कारण ते ‘आपले’ गीत गात होते. परीक्षा होते ती ‘आपल्यासारखे’ न वागणाऱ्याच्या बाबतीत.

शरणांच्या अनुयायांस तरी ही गोष्ट नवी नसावी. बाराव्या शतकात कल्याणच्या भूमीत बसवेश्वरांनी देवास देवळाच्या भिंतीतून बाहेर आणले आणि प्रत्येकाच्या तळहातावर इष्टलिंग दिले. मग तो कोणत्याही जातीचा असो, स्त्री असो वा पुरुष. चिन्हाचा त्याग त्यांनी केला नाही, उलट चिन्ह अंगावरच धारण करावयास सांगितले. ‘चिन्हात काय आहे?’ असे म्हणणाऱ्या आधुनिक पंडितांशी म्हणूनच लिंगधारी मनुष्याचे पटणार नाही. चिन्हात पुष्कळ आहे. परंतु इष्टलिंगाची पूजा ज्याची त्याने करावयाची असते. एकाची पूजा दुसऱ्यास करता येत नाही, आणि दुसऱ्याच्या पूजेत आपण डोकावून तिचे माप घेत नाही. जवळ लिंग असून कायकात खोटेपणा करणाऱ्यास शरणांनी कधी थोर मानले नाही.

राष्ट्रपुरुषांतही या बाबतीत एकमत नव्हते, हे विसरले जाते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याऐवजी अशोकचक्र असलेला ध्वज स्वीकारला, तेव्हा महात्मा गांधींनी ‘हरिजन’मध्ये स्पष्ट लिहिले की, ध्वजावर चरखा नसेल तर आपण त्यास वंदन करणार नाही. आजच्या काही कडव्या कसोट्या लावल्या तर त्या वाक्यावरून गांधीजींच्या निष्ठेचीही चौकशी करावी लागेल! दुसरे उदाहरण विनोबांचे. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. तेच विनोबा १९५७ साली पदयात्रा करीत कर्नाटकात आले असता ‘जय जगत्’ हा घोष करू लागले. झेंड्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाने जगाचा जयजयकार केला म्हणून त्याने देश सोडला, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही.

कायद्याचा इतिहास थोडक्यात पुरे. राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान हा १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो असणे योग्यच आहे. सामान्य नागरिकास वर्षभर ध्वज उभारण्याची मोकळीक २००२ च्या ध्वजसंहितेने मिळाली, आणि २००४ मध्ये नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नागरिकाचा हक्क मानला. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे करणारा २०१६ चा आदेश त्याच न्यायालयाने २०१८ च्या जानेवारीत ऐच्छिक केला. अवमानास मनाई आणि आदराची सक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत; न्यायालयासही हा विवेक करताना एकदा मागे यावे लागले.

कमलनगरहून रेल्वेने निघाले की थोड्याच वेळात उदगीर येते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्ही गावे एकाच बीदर जिल्ह्यात होती. त्या दिवशी उदगीर मुंबई राज्यात गेले व पुढे महाराष्ट्राचे झाले. कमलनगर म्हैसूर राज्यात राहिले, ज्याचे पुढे कर्नाटक झाले. सोयरिकी मात्र राज्य पुनर्रचना आयोगास विचारून झालेल्या नव्हत्या, त्या तशाच राहिल्या. त्या उदगीरच्या खादी केंद्रात राष्ट्रध्वजाचे कापड विणले जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे ध्वज तयार होतात. कर्नाटकात हेच काम हुबळीजवळ बेंगेरी येथे चालते. देशात अशी केंद्रे फार थोडी. त्यांपैकी एक आपल्या उंबरठ्याशी आहे, हे या गावातील किती जणांस ठाऊक आहे? डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर तयार झालेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांसही मान्यता मिळाली. ध्वज स्वस्त झाला, घरोघर पोहोचला, याचा आनंद मानणारे आहेत. विणकराच्या हातचे काम गेले, याचे दुःख मानणारेही आहेत. दोघांचेही म्हणणे ध्वजाच्या प्रेमातूनच निघाले आहे. पण पंधरा ऑगस्टसाठी ध्वज घेताना उदगीरच्या मागावर बसलेल्या माणसाची आठवण झाली तर ते गैर होणार नाही. कायक म्हणजे तरी दुसरे काय?

एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांकडून सारखीच दुर्लक्षित राहते. सोळा ऑगस्टच्या सकाळी बसस्थानकाच्या आवारात, शाळेच्या वाटेवर, गटारीच्या कडेला लहान लहान ध्वज पडलेले दिसतात. आदल्या दिवशी ते ज्यांच्या हाती होते, त्यांचा आवेश खोटा होता असे नव्हे. हात मोकळे करावयाचे होते, एवढेच. ध्वजसंहितेत याविषयी स्पष्ट सूचना आहे: कागदी ध्वज जमिनीवर टाकू नयेत, आणि जीर्ण झालेला ध्वज संपूर्णपणे, शक्यतो अग्नीत, आणि एकांतात नष्ट करावा. ध्वज चढवावयाचा तो सर्वांसमक्ष, परंतु निरोप द्यावयाचा तो कोणी पाहत नसताना. येत्या सोळा ऑगस्टला मठाच्या पाठशाळेतील मुलांनी सकाळी एक टोपली घेऊन स्थानकापासून मठापर्यंतचा रस्ता पाहावा. जे सापडतील ते ध्वज धुवून, पुसून, घडी करून ठेवावे. आणि जे फाटले असतील ते वडील मंडळींनी संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, मठाच्या मागील अंगणात विधिपूर्वक अग्नीस द्यावे.