उलानबातरच्या थंडीतील वानप्रस्थ



सप्टेंबर १९९२मध्ये मंगोलियाची राजधानी उलानबातर येथे केनेथ आणि डोना बीझली हे अमेरिकन दाम्पत्य येऊन दाखल झाले. ते पर्यटक नव्हते, वकिलातीतील अधिकारी नव्हते की व्यापारीही नव्हते. शिक्षणक्षेत्रात आयुष्य घालवून झाल्यावर, ज्या वयात माणूस ओसरीवर खुर्ची टाकून नातवंडांची वाट पाहतो, त्या वयात हे पतिपत्नी जगातील सर्वांत थंड राजधानीत मुक्कामाला आले होते, तेही स्वखर्चाने. त्यांच्यामागून आणखी दाम्पत्ये आली आणि काही काळातच अशी सहा बिऱ्हाडे त्या शहरात थाटली गेली.

त्या वेळचा मंगोलिया डोळ्यांपुढे आणला पाहिजे. सुमारे सात दशकांची साम्यवादी राजवट १९९०च्या लोकशाही चळवळीने संपली होती. १९९१मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि ज्या मदतीवर देशाचा संसार चालला होता ती मदत एकाएकी थांबली. दुकाने रिकामी पडली, शिधापत्रिकेवर अन्नधान्य घेण्याची पाळी आली. शाळा-महाविद्यालयांत आजवर परकीय भाषा म्हणजे रशियन. आता जगाशी बोलायचे तर इंग्रजी हवी, आणि इंग्रजी शिकवणारे शिक्षक तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अशा अडचणीच्या वेळी इंग्रजीचे अध्यापन आणि उच्च शिक्षणाच्या पुनर्रचनेत साहाय्य, या कामासाठी ही वयस्क जोडपी तेथे गेली.

त्यांना पाठवणारी संस्था होती ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जग या पंथाला मॉर्मन म्हणून ओळखते. हे नाव आता त्या पंथाच्या धुरीणांना नकोसे झाले आहे, हा भाग वेगळा. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी तो स्थापन केला. १८४४मध्ये जमावाने त्यांची हत्या केली आणि अनुयायांनी ब्रिगहॅम यंग यांच्यामागून पश्चिमेची वाट धरली. १८४७मध्ये ते युटाच्या वैराण खोऱ्यात पोहोचले आणि तेथे सॉल्ट लेक सिटी हे नगर त्यांनी वसवले. इतर अनेक ख्रिस्ती पंथ त्यांना आपल्यात धरत नाहीत. या छळाच्या आणि स्थलांतराच्या इतिहासातून आलेली संघटनेची शिस्त मात्र त्यांच्यात आजही दिसते. गावपातळीवर त्यांचा एकही पगारी धर्मोपदेशक नसतो. सुतार, वकील, दुकानदार आपापला धंदा सांभाळून मंडळी चालवतात. उत्पन्नाचा दशांश संस्थेला द्यायचा. चहा, कॉफी, मद्य, तंबाखू वर्ज्य.

मराठी माणसाला मिशनरी म्हटले की १८१३मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक आठवतात. ते ऐन तारुण्यात आले आणि त्यांच्यातील गॉर्डन हॉल यांच्यासारखे इथल्याच मातीत पटकीने गेले. मॉर्मन मिशनरी म्हटले की पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी लावलेली कोवळी मुले जगाच्या नजरेपुढे येतात. हजारोंच्या संख्येने ही मुले दोन-दोन वर्षांसाठी घराबाहेर पडतात. त्यांच्या पाठीशी, फारशी कोणाच्या डोळ्यांत न भरणारी, साठी-सत्तरीची जोडपी उभी असतात. गंमत अशी की या पंथात अठरा वर्षांच्या पोरालाही ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, म्हणतात. त्या नामपट्टीवरचा शब्द खऱ्या अर्थाने शोभतो तो या आजोबांनाच.

ही माणसे निघतात कशी? उचलली पिशवी आणि निघाले, असे होत नाही. पतिपत्नी दोघांनी अर्ज भरायचा. डॉक्टरची तपासणी, दंतवैद्याचीही तपासणी, स्थानिक प्रमुखांच्या मुलाखती. परदेशी दाढ ठणकली तर काय, याचा विचार आधीच झालेला असतो. सॉल्ट लेक सिटीहून संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीचे पत्र येते. त्यात कुठे जायचे आणि किती महिन्यांसाठी हे लिहिलेले असते. दाम्पत्याला आपली पसंती कळवता येते, निर्णय मात्र संस्थेचा. मग युटामधील प्रोव्हो गावच्या प्रशिक्षण केंद्रात थोडे दिवस मुक्काम, आणि तेथून विमान. पूर्वी अशी सेवा परदेशात करायची तर दीड वर्ष तरी द्यावे लागे. २०११मध्ये नियम बदलला. ६, १२, १८ किंवा २३ महिने अशा मुदती ठरल्या. घरभाड्याचा बोजा महिना १४०० डॉलरवर जाणार नाही, असेही त्या वेळी ठरले. बाकी खाणे, औषधे, विमा, सगळे आपल्या पदरचे. वेतन किंवा मानधन नावाची गोष्टच नाही.

अशा जोडप्याचा दिवस कसा जातो ते पाहिले, तर ऐकणाऱ्याचा कदाचित अपेक्षाभंग होईल. त्यात थरार नाही. सकाळी दोघांनी मिळून धर्मग्रंथाचे वाचन आणि प्रार्थना. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या. न्याहारी, आवराआवर, मग काम. दारोदार फिरून प्रचार करण्याची सक्ती वयस्क दाम्पत्यांवर नसते. तरुणांचे कडक वेळापत्रकही त्यांना लागू नसते. कोणी कार्यालय सांभाळतो. व्हिसाचे कागद, घरभाड्याच्या पावत्या, मोटारींची दुरुस्ती, हिशेबाच्या वह्या. निवृत्त लेखापाल तेथेही लेखापालच राहतो. कोणी तरुण मुलांच्या खोल्या पाहून येतो. स्वच्छता आहे का, शेगडी नीट चालते का, पोरगा आजारी असून लपवत तर नाही? कोणी सेवाकार्याच्या विभागात जातो. पिण्याच्या पाण्याची योजना, अपंगांसाठी चाकांच्या खुर्च्या, नवजात अर्भकाचा श्वास सुरू करण्याचे सुईणींना प्रशिक्षण. यातले बरेच काम म्हणजे स्थानिक अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर बाकावर बसून राहणे. आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा आणि घरी पत्र लिहिण्याचा.

उलानबातरमधील त्या सहा बिऱ्हाडांचे दिवस याच घडणीचे होते. फक्त तेथे काम वर्गातले होते आणि बाहेर थंडी होती. जानेवारीत पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो. शहरातील इमारतींना कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांतून नळावाटे उष्ण पाणी पुरवले जाते आणि त्यावर घरे उबदार राहतात. त्या वर्षांत ही केंद्रे सुट्या भागांअभावी धड चालत नव्हती. वीज गेली, ऊब गेली, हे नेहमीचे होते. आहारात मांस, पीठ, बटाटा, कोबी. हिरवी भाजी हिवाळ्यात दुर्मीळच. बर्फाळ रस्त्यावरून जपून पावले टाकीत विद्यापीठात जायचे, अंगावरचा कोट न काढता शिकवायचे, परत यायचे. पासष्टीच्या गुडघ्यांना हे किती जड जात असेल, ते या सभागृहातील अनेकांना सांगावे लागणार नाही.

आणि चहाचा प्रश्न! मंगोलियात दारी आलेल्याला प्रथम वाडग्यात दुधाचा खारट चहा देतात. तो निदान ओठाला लावणे हा तेथला शिष्टाचार. इकडे पाहुण्याला चहा निषिद्ध. यजमानाचे मन न मोडता आपला नेम कसा पाळायचा, हा प्रश्न त्यांना प्रत्येक नव्या घरी पडणार. आपल्याकडील कांदा-लसूण न खाणाऱ्या मंडळींना यातली अडचण चटकन कळेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपवास असतो. दोन वेळचे जेवण सोडायचे आणि त्याचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. इथिओपियातील दुष्काळासाठी जानेवारी १९८५मध्ये अमेरिका-कॅनडातील अनुयायांनी एका रविवारी असाच उपवास केला, तेव्हा एका दिवसात ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. पंथाच्या संघटित सेवाकार्याची सुरुवात त्या दिवसापासून मोजतात.

प्रश्न असा, की घर सोडून जाणे या लोकांना सोपे जाते काय? मुळीच नाही. पंथाच्या बारा प्रमुखांपैकी एक असलेल्या रॉबर्ट हेल्स यांनी एप्रिल २००१च्या अधिवेशनात याच विषयावर भाषण केले. दाम्पत्ये मागे का सरतात, याची चार कारणे त्यांनी मांडली : भीती, कुटुंबाची काळजी, आपल्याजोगे काम मिळेल की नाही ही शंका, आणि पैसा. यात मॉर्मन असे काय आहे? पुण्यातील किंवा नागपुरातील कोणत्याही निवृत्त गृहस्थाला विचारले तर हीच चार कारणे थोड्याफार फरकाने तो सांगेल. धाकटीचे बाळंतपण आहे, नातवाची मुंज आहे, मुलगा-सून दोघे नोकरीला जातात, फ्लॅटला कुलूप कसे लावायचे? कारणे खोटी नसतात. युटातील आजीही मुलीच्या बाळंतपणाला मुकते. एखाद्या भावाच्या अंत्यविधीची बातमी दूरवर पोहोचते आणि दोघे त्या रात्री मुकाट्याने बसून राहतात. पुढे २०११च्या सुधारणेत, कुटुंबातील मोठ्या प्रसंगी आठ-दहा दिवसांसाठी स्वखर्चाने घरी जाऊन येण्याची मुभा दिली गेली. नियम करणाऱ्यांना माणसाचे मन कळत होते, असे म्हटले पाहिजे. आपला वानप्रस्थ ग्रंथात आहे. विवेकानंद केंद्रासारख्या संस्थेने ‘वानप्रस्थी’ कार्यकर्त्यांची वेगळी श्रेणीही केली आहे. पण निवृत्तीच्या आधी पाच-सात वर्षे पतिपत्नींनी त्यासाठी वेगळे पैसे साठवायचे, मुलांनी ते गृहीत धरायचे, हा घराघरातला रिवाज मात्र तिकडे दिसतो, इकडे अभावानेच दिसतो.

आता दुसरी बाजू. ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्रजीचे वर्ग हे अध्यापन होते, तसेच ते दारही होते. फेब्रुवारी १९९३मध्ये पहिल्या मंगोल व्यक्तींनी त्या पंथाची दीक्षा घेतली. त्याच वर्षी तरुण मिशनरी येऊ लागले, १९९५मध्ये स्वतंत्र मिशन झाले, २००१मध्ये त्यांचा ग्रंथ मंगोल भाषेत उतरला. आज तेथे त्यांचे सुमारे १२ हजार अनुयायी आहेत. ज्या देशात १९३०च्या दशकात शेकडो बौद्ध विहार जमीनदोस्त झाले, हजारो लामांना गोळ्या घातल्या गेल्या आणि पुढे १९४४पासून नावापुरता एक गंदन विहार काय तो उघडा ठेवला गेला, त्या देशाच्या पोरक्या झालेल्या पिढीपुढे हे नवे दार उघडले होते. मंगोल बौद्धांना याची खंत वाटली असेल तर त्यात नवल नाही. ज्या तरुणांनी ते स्वीकारले, त्यांनी ते आपल्या समजुतीने स्वीकारले, हेही तितकेच खरे. त्या आजी-आजोबांच्या कष्टांत खोट नव्हती. आणि कष्टांत खोट नाही म्हणून परिणामांचा विचारच करू नये, असेही नाही.

त्याच शहरात, त्याच हिवाळ्यांत, आणखी एक वयोवृद्ध परदेशी राहत होता. तो भारतीय होता. लडाखचे कुशोक बकुला रिंपोचे. जन्म १९१७चा. लोकसभेचे माजी सदस्य. भारताचे राजदूत म्हणून १९९०मध्ये ते उलानबातरला आले तेव्हा सत्तरी उलटून गेली होती, आणि सामान्यतः राजदूत तीन-चार वर्षांत परततात तेथे हे दहा वर्षे राहिले. राजदूताचे काम करीत त्यांनी भिक्षूंना पुन्हा दीक्षा दिल्या, बंद पडलेल्या विहारांत पूजापाठ सुरू करवले आणि १९९९मध्ये पेथुब नावाचा विहार उलानबातरमध्ये उभा केला. मंगोल लोक त्यांना ‘एल्चिन बागश’ म्हणत. एल्चिन म्हणजे राजदूत, बागश म्हणजे गुरुजी. २००० साली ते परतले तेव्हा वय त्र्याऐंशीच्या घरात होते. २००३मध्ये त्यांचे देहावसान झाले. मराठी घरांतून हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

बकुला रिंपोचे एकटे होते, संन्यस्त होते, आणि त्यांच्यासारखा माणूस रोज जन्माला येत नाही. सहा बिऱ्हाडांची गोष्ट वेगळी आहे. ती माणसे असामान्य नव्हती. त्यांच्या जागी दुसरी आली असती तरी वर्ग चालले असते, आणि खरोखर दुसरी आलीच. मुदत संपली की दाम्पत्य गावी परतते. स्थानिक प्रमुख त्यांना कामातून मुक्त करतो, छातीवरची काळी नामपट्टी उतरते. एखाद्या रविवारी आपल्याच मंडळीसमोर उभे राहून दोघे अनुभव सांगतात. ते गेले तेव्हा जन्मलाही नव्हता तो नातू बाकावर आईच्या मांडीवर चुळबुळत असतो आणि आजीकडे जायला तयार नसतो. आठ-पंधरा दिवसांत त्याची ओळख होते. बागेतले गवत कापून होते, तुंबलेली बिले भरून होतात. वर्ष-दोन वर्षे जातात. मग त्यांतील कित्येक जोडपी पुन्हा अर्ज मागवतात आणि तपासणीसाठी दंतवैद्याची वेळ घेतात.