स्पार्टाचे पोशिंदे



स्पार्टाच्या शौर्याचे गोडवे आपण पुष्कळ ऐकले. ७ व्या वर्षी मुलगा आईपासून काढून शिस्तीत घालायचा. पुढे त्याने पंक्तीत जेवायचे, भाला चालवायचा, नांगराला मात्र शिवायचे नाही. मग शेत कोण कसत होते? आम्ही कामगार चळवळीतली माणसे हाच प्रश्न आधी विचारतो. उत्तर आहे : हेलॉट. जिंकलेली, जमिनीला जखडलेली प्रजा.

हिरोडोटस सांगतो, इ. स. पूर्व ४७९ मध्ये प्लॅटियाच्या रणांगणावर दर स्पार्टनामागे ७ हेलॉट होते. या सातांचीच त्या एकाला धास्ती! थुसिडिडीज लिहितो, एकदा स्वातंत्र्याचे आमिष दाखवून सुमारे २,००० पराक्रमी हेलॉट निवडले, त्यांना पुष्पमुकुट घातले आणि मग गुपचूप नाहीसे केले. मर्दुमकी हाच त्यांचा अपराध.

इ. स. पूर्व ३७१ मध्ये ल्यूक्ट्राला थीब्जने स्पार्टाला हरविले. ७०० पैकी सुमारे ४०० स्पार्टन नागरिक पडले. त्यांची जागा घ्यायला नागरिकच उरले नव्हते. दोन वर्षांत मेसेनियातले हेलॉट मुक्त झाले, त्यांचे नगर उभे राहिले. स्पार्टा पुन्हा सावरला नाही. पोशिंद्यालाच शत्रू मानणाऱ्या राज्याला कोणती ढाल वाचविणार?