घरकुलाचा कागद आणि फुफीचा वाटा

(सुट्टीत गावी आलेल्या तरुण-तरुणींसमोर धर्मापुरी येथे केलेलं भाषण)



मला बोलावलं तेव्हा विषय सांगितला होता 'शासकीय योजना आणि मुस्लिम तरुण'. असा विषय असला की बोलणारा योजनांची यादी वाचतो, ऐकणारे मोबाइल बघतात आणि शेवटी सगळे मिळून चहा पितात. मी यादी वाचणार नाही. एका घराची गोष्ट सांगणार आहे. ते घर आमचं आहे, आणि त्यातली चूक माझी आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

माझे अब्बा गवंडी. या पंचक्रोशीत किती घरकुलांचे पाये त्यांनी भरले असतील, त्यांनाच आठवत नाही. आमचं स्वतःचं घर मात्र दादांनी बांधलेलं माळवदाचं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: खाली सागाच्या नाटा, त्यावर चिपाट, त्यावर हातभर माती. मिरगाच्या आधी वर पांढरी माती टाकून चोपायची, नाहीतर पहिल्याच पावसात घरात भांडी मांडून बसायचं. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात अशाच छतांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली माणसं गाडली गेली. तेव्हापासून अम्मी दाराजवळ झोपायची. इतक्या वर्षांत तिनं जागा बदलली नाही.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सुरू झाली २०१६ मध्ये. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून लाभार्थ्यांच्या याद्या निघाल्या आणि त्यात अब्बांचं नाव आलं. आमच्यासारख्या सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये, शौचालयाचे १२ हजार वेगळे आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. तुम्ही म्हणाल, एवढ्यात घर होतं का? नाही होत. परळीच्या राखेच्या विटा घेतल्या, मजुरी घरचीच होती, तरी आम्हाला वरचे पैसे घालावे लागले. शहराचा हिशेब निराळा. परळी, अंबाजोगाईला नगरपरिषद आहे. तिथं स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला शहरी योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. सिमेंटच्या गोणीला मात्र गाव कोणतं आणि शहर कोणतं हे कळत नाही. ग्रामीण घरकुलाला राज्यानं २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी. आमच्या वेळी तेही नव्हते.

मधेच एक सांगते, कारण हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. हे पैसे कर्ज नाहीत. यावर सूद नाही, परतफेड नाही. ज्याला हवं त्याला बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज घेण्याची सोय योजनेत आहे, पण ते घेण्याचं बंधन नाही. सूद नको म्हणून घरकुलच नको म्हणणारे दोन-तीन बुजुर्ग मला भेटलेत. त्यांना कोणी नीट समजावलंच नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येते. यादीत नाव आलं आणि कागद मागितले गेले. नमुना ८ काढला, तर घर दादांच्या नावावर. दादांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. वारसनोंद आम्ही केलेलीच नव्हती. यात कुठल्या साहेबाचा दोष नाही. घर आपलंच आहे, कुठं पळून जातंय, असं म्हणत आम्ही बसलो होतो. या मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांची हीच गत असेल, फार तर दादांच्या जागी परदादांचं नाव असेल.

दादांच्या मागं तीन वारस: अब्बा आणि दोन फुफी. दादी आधीच गेलेल्या. जागा अब्बांच्या नावावर करायची तर फुफींचं संमतीपत्र लागणार होतं. घरात शिकलेली मीच. मीच ते लिहिलं. 'आमची काही हरकत नाही, पुढेही राहणार नाही.' मोठी फुफी खातीपिती, तिनं सही केली. धाकटी फुफी बेवा, परक्या गावात भाड्याच्या एका खोलीत राहते, शिलाई करते. तिनं अंगठा लावला. मी तिला मजकूर वाचून दाखवायला लागले तर म्हणाली, "पढने का क्या हइ उसमें? मेरेकू कुच नको, भाई का घर होने दे." मला तेव्हा भरून आलं. किती मोठ्या मनाची आहे आपली फुफी, असं वाटलं.

घर झालं. पाया, सज्जा, स्लॅब, प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून गेले, हप्ते आले. घराच्या पाटीवर अब्बांबरोबर अम्मीचं नाव लागलं, कारण घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावे असावं हा योजनेचाच आग्रह आहे. अम्मी आता आतल्या खोलीत झोपते.

पुढे २०२५ मध्ये नव्या यादीसाठी सर्वेक्षण सुरू झालं. केंद्रानं २०२४-२५ पासून पाच वर्षांसाठी आणखी दोन कोटी घरं मंजूर केली आहेत, त्यासाठीचं ते सर्वेक्षण. नियमही थोडे सैल झाले. पूर्वी घरी दुचाकी असली किंवा फ्रिज असला तरी नाव कटायचं, त्या अटी गेल्या. महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजार झाली. मी मोहल्ल्यातल्या बायकांचे अर्ज भरून देत होते. तेवढ्यात फुफीचा फोन आला. म्हणाली, माझाही भर ना. मी विचारलं, जागा? ती गप्प झाली. मग हसली आणि म्हणाली, "जागा कां से लाऊं?"

त्या रात्री मी हिशेब मांडला. आमची जागा ७२० चौरस फूट. शरियतनं मुलाला दोन वाटे आणि मुलींना एकेक. म्हणजे अब्बांचे ३६०, दोन्ही फुफींचे १८०-१८०. मोठीला गरज नव्हती. ती आपले १८० धाकटीला आनंदानं देती. म्हणजे धाकटीचे झाले ३६०. आणि घरकुलाला लागतात किती? २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. त्या एका जागेवर दोन घरकुलं बसत होती. आम्ही एक पसरून बांधलं. मी संमतीपत्र लिहिलं, तेव्हा फुफीनं केवळ भावावरचा राग सोडावा तसा हक्क सोडला नव्हता, स्वतःच्या घरकुलाची जागा सोडली होती. आणि ते तिला सांगायचं काम माझं होतं, कारण २५ चौरस मीटरचा नियम घरात फक्त मी वाचला होता.

आपण पर्सनल लॉवर मोर्चे काढतो, भाषणं ऐकतो. १९३७ च्या शरियत कायद्याचं नाव आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण गावात बहिणीला वाटा दिला असं घर शोधायला निघा, दुपारच्या आत परत याल. 'बहन ने माफ कर दिया' हे वाक्य आपल्याकडे वारसनोंदीचा फॉर्म असल्यासारखं वापरलं जातं. मी हे कोणाला कमी लेखायला सांगत नाही. माझ्या हस्ताक्षरातला कागद घरात पडलेला आहे.

म्हणून सुट्टी संपवून पुण्याला, लातूरला परत जाण्याआधी तुम्ही काय करायचं ते सांगते. आधी घरचा नमुना ८ बघा. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, पण घरकुलाच्या वेळी पहिला तोच मागतात. त्यावर हयात नसलेल्या माणसाचं नाव असेल तर आत्ताच वारसनोंद करा, सगळ्या वारसांची, बहिणींसह. यादी लागल्यावर धावपळीत केलं की माझ्यासारखं होतं. तोंडी हिबा आपल्या कायद्यात चालतो. लिहून ठेवलेल्या हिब्याला नोंदणीची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये म्हटलेलं आहे. पण कचेरीतल्या टेबलावर तोंडी काही चालत नाही, त्यामुळे जे वाटलं ते लिहा, साक्षीदार ठेवा आणि जमलं तर नोंदवा.

गावठाणांच्या ड्रोन मोजणीचं ऐकलं असेल. सोनोरी नावाच्या पुरंदर तालुक्यातल्या गावात आपल्या राज्यानं तो प्रयोग केला, मग २०२० पासून स्वामित्व योजना देशभर आली. त्यातून मिळकत पत्रिका मिळते आणि तिच्यावर जे नाव चढेल ते पुढच्या पिढ्यांना पुरेल. मोजणीच्या वेळी घरातलं कोणीतरी जागेवर हवं. आपल्याकडची माणसं कोयता घेऊन दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातात आणि घराला कुलूप असतं, तेव्हा शेजाऱ्याकडे तरी कागदांच्या झेरॉक्स ठेवून जा.

ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं जागा खरेदीची योजना आहे. आधी ५० हजार मिळायचे, आता एक लाखापर्यंत मिळतात. फुफीसाठी मी त्याच मागे आहे. तिला आमच्याच जागेत सामावून घेता आलं असतं, तर याची गरज पडली नसती.

यादीतला रकानाही तपासा. ग्रामीण आवासच्या याद्या प्रवर्गवार लागतात: अनुसूचित जाती, जमाती, अल्पसंख्याक, इतर. शक्यतो १५ टक्के निधी अल्पसंख्याकांसाठी ठेवावा असं योजनेत लिहिलेलं आहे. त्यात आपल्याबरोबर बौद्ध, जैन, ख्रिस्ती, शीख, पारशी सगळे आले. आपलं नाव भलत्या रकान्यात पडलं तर भलत्याच रांगेत उभं राहावं लागतं. शिवाय आपल्यातले मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार यांच्यासारखे समाज ओबीसीत आहेत. त्यांच्यासाठी राज्याची २०२३ ची मोदी आवास योजना होती. छप्परबंद तर विमुक्त जातींत येतात, त्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना लागू आहे. दुसऱ्यांची छपरं शाकारली म्हणून ज्यांना ते नाव पडलं, त्यांच्याच डोक्यावर छप्पर नाही! अडतं कुठं, तर ओबीसीसाठी १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो आणि जुन्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी नुसतं 'मुसलमान' लिहून ठेवलेलं असतं. अशा वेळी चुलत आजोबांचा, आत्याच्या सासऱ्यांचा नव्हे, वडिलांकडच्या रक्ताच्या नातलगांचा दाखला शोधावा लागतो. वेळ खाणारं काम आहे. ते सुट्टीतच होतं.

राहिली ग्रामसभा. वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा. घरकुलाची यादी तिथंच वाचली जाते, हरकती तिथंच घेतात. आपल्या जमातीनं आजवर अल्पसंख्याक वस्तीच्या निधीतून काय मागितलं? कब्रस्तानची भिंत, शादीखाना, पेव्हर ब्लॉक. मागायलाच हवं, मी नको म्हणत नाही. पण निवेदन घेऊन वीस माणसं गेलेली मी पाहिली ती भिंतीसाठी. घरकुल यादीच्या वाचनाला आमच्या बाजूनं मी, एक चाचा आणि चहा द्यायला आलेला पोरगा. महिला सभेला तर मी एकदा एकटीच होते. रजिस्टरवर माझी सही पाहून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आमच्या घराचं अजून एक राहिलं. स्लॅब टाकताना अब्बांनी कोपऱ्यातल्या सळया वर काढून ठेवल्यात. तेव्हा मला वाटलं, सगळेच गवंडी ठेवतात, पुढं कधी मजला चढवायचा म्हणून. मागच्या महिन्यात मी त्यांना ७२० चा हिशेब दाखवला. त्यांनी कागद बराच वेळ बघितला. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्याला शिडी लावून वर गेले, सळयांचा गंज घासला आणि त्यांना सिमेंटचं पाणी दिलं. वरच्या खोलीला घरकुलाचे पैसे मिळणार नाहीत हे आम्हाला माहीत आहे. आम्ही घरच्या पैशानं उचलणार आहोत, आणि या वेळी कागद फुफीच्या नावाचा असेल. तिला वाचून दाखवणार, ती नको म्हणाली तरी.

आता तुम्ही बोला. नमुना ८ ज्यांनी शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही, त्यांनी हात वर करा. आणि घरी फोन लावून विचारा, दादांच्या मुली किती होत्या.