शुभ्र फुलाचे कोडे



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांचा मी विद्यार्थी. फसलेला प्रयोग वहीतून खोडावयाचा नाही, असा त्यांचा दंडक होता. त्या दंडकाचे मोल पांढऱ्या फुलाच्या आधारे सांगावे, असा आज माझा मानस आहे.

फुलांतील जांभळे, निळे व पुष्कळसे तांबडे रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतात. पाकळीच्या पेशीत ही द्रव्ये टप्प्याटप्प्याने घडतात. प्रत्येक टप्प्यास एक विकर लागते आणि त्या विकराचा आराखडा जनुकात असतो. कॅल्कोन सिंथेज हे या मालिकेच्या आरंभीचे विकर. परंतु आराखडा असला म्हणजे काम होतेच असे नाही; ते सुरू करण्याची आज्ञा देणारी नियंत्रक जनुके निराळी असतात.

मेंडेलच्या वाटाण्याचेच उदाहरण घ्या. जांभळ्या व पांढऱ्या फुलांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत त्याला जांभळ्या फुलांची ७०५ आणि पांढऱ्या फुलांची २२४ झाडे मिळाली. ही नोंद १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली. पांढऱ्या फुलात नेमके काय उणे आहे, हे कळावयास मात्र २०१० साल उजाडले. उणीव विकराच्या जनुकात नव्हती, नियंत्रक जनुकात होती. कारखाना शाबूत होता; आज्ञा देणारा मुका झाला होता.

पेटुनियाची कथा याहून विलक्षण आहे. कॅरोलिन नापोली, रिचर्ड जॉर्गेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जांभळ्या पेटुनियात कॅल्कोन सिंथेजच्या जनुकाची जादा प्रत घातली. रंग वाढावा, ही अपेक्षा. १९९० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले ते उलटेच: अशा झाडांपैकी शेकडा ४२ झाडांना पूर्ण पांढरी वा पांढऱ्या-फिकट नक्षीची फुले आली! पाहुण्या जनुकाबरोबर घरचे जनुकही गप्प झाले होते. पुढे काही पांढऱ्या झाडांवर पुन्हा जांभळी फुले उमलली. म्हणजे जनुक नष्ट झाले नव्हते. त्याचा संदेश वाटेतच नाहीसा होत होता.

प्रयोग फसला म्हणून ती झाडे उपटून टाकता आली असती. त्यांनी ती जपली, मोजली, नोंदली. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून दाखविले की, दुपदरी आरएनए पेशीत शिरला की त्याच्याशी जुळणाऱ्या जनुकाचा संदेश निकामी होतो. पेटुनियाच्या कोड्याची किल्ली येथे सापडली. २००६ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २०१८ मध्ये याच तत्त्वावरील पहिल्या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. एका आनुवंशिक, जीवघेण्या मज्जाविकाराच्या रुग्णांना त्यामुळे आधार लाभला.

विद्यार्थिमित्रहो, उत्तर अपेक्षेप्रमाणे आले नाही, तर वहीचे पान फाडू नका. त्यावर तारीख घाला आणि दिसले ते लिहून ठेवा. गुरुजींचे स्मरण याहून वेगळे ते काय करावयाचे?