जेवणाची वेळ आणि घराची झोप
(अकोल्यात महाविद्यालयीन तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. अमरावतीत घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करतो. या कामाने एक सवय लावली आहे : आधी नोंद ठेवायची, मग मत द्यायचं. गेल्या रमजानमध्ये मी आमच्या घरातल्या पाचही जणांची वही ठेवली. कोण कधी जेवलं, कधी झोपलं, कधी उठलं. त्या वहीने मला थोडं शरमिंदा केलं. तेच आज सांगतो.

आधी शरीराचं बघू. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं, ते उजेडावर लागतं. यकृत, स्वादुपिंड यांचीही घड्याळं असतात आणि त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचा मोठा परिणाम होतो. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं, हे शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. मध्यरात्री बिर्याणी खाल्ली की मेंदू म्हणतो रात्र आहे, पोट म्हणतं दिवस आहे. रात्री शरीरात मेलाटोनिन वाढलेलं असतं, तेव्हा इन्सुलिनचं काम मंदावतं. म्हणून तेच जेवण दिवसापेक्षा रात्री रक्तातली साखर जास्त चढवतं. ज्यांच्या घरी मधुमेह आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

दुसरी गोष्ट. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यात आपल्या वऱ्हाडात रात्रीही भिंती तापलेल्या असतात. त्यात उशिरा तेलकट आणि ठेच्यासोबत जेवलं, की छातीत जळजळ आणि रात्रभर कूस बदलणं. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर येतं. जेवण आणि अंथरूण यांच्यात दोन-तीन तास ठेवा.

तिसरी गोष्ट चहाची. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जातं, त्यानेच झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवतं. शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री अकराचा कट पहाटे चारला अर्धा तुमच्या रक्तातच असतो. "मला चहाने काही होत नाही" म्हणणाऱ्यालाही झोप लागते, पण ती उथळ असते.

आता रमजानचा हिशेब. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये होता. आपल्याकडे इफ्तार साडेसहाच्या आसपास, सहरीची वेळ संपायची पाच-साडेपाचला. तरावीह आटोपून माणूस साडेनऊ-दहापर्यंत घरी येतो. दहा-साडेदहाला झोपून साडेचारला उठलं तर सहा तास मिळतात. दुपारी वीस मिनिटं कैलूला केला की गाडी चालते. म्हणजे झोप रोज्याने जात नाही. ती जाते तरावीहनंतरच्या चौकात. कबाब, फालुदा, चहा, मोबाईल, आणि "आता सहरी करूनच झोपू". ईशाच्या नमाजनंतर उगाच गप्पा मारत बसणं रसूलुल्लाहांना पसंत नव्हतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, हेही ऐकतो. पाळायची वेळ आली की चौक जिंकतो.

माझंही तेच होतं. वहीत माझ्या रकान्यात लिहिलंय : रात्री एक वाजता घरी, पुन्हा जेवण, फजरनंतर झोप. ऑफिसची मीटिंग दहाला.

पण मी थबकलो ते अम्मीच्या रकान्यावर. आम्ही एकला येतो, जेवण गरम करायला ती जागी. भांडी आवरून दीडला आडवी. साडेतीनला पुन्हा उठते, कारण सहरीला ताजी पोळी हवी. दोन तास. दुपारी पडावं तर चारपासून भजी-समोशांची तयारी. अठराव्या रोज्याला ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन बसली. आम्ही म्हणालो, उपवासाने झालं असेल. वही वेगळंच सांगत होती. ती रोज्याने थकली नव्हती, आमच्या वेळांनी थकली होती.

त्यानंतर घरात तीन गोष्टी ठरल्या. इफ्तार खजूर, पाणी, फळं यावर, तळण जुम्म्यापुरतं. मगरिबनंतर लगेच एकच नीट जेवण : भाकर, वरण, भाजी, कधी सालन. रात्री चूल बंद. सहरी आदल्या संध्याकाळी निम्मी तयार, आणि उठून गरम करायची पाळी माझी आणि भावाची. पहिले चार दिवस भावाने पोळ्या जाळल्या. शेवटच्या दहा दिवसांत अम्मीच्या रकान्यात पाच तास दिसू लागले. फार नाहीत, पण दोनाचे पाच झाले.

रमजान संपला तरी हे संपत नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास असो की रात्रपाळी, उशिराचं ताट कुणीतरी वाढत असतं आणि मागून कुणीतरी भांडी घासत असतं.

माझी एवढीच विनंती. घरी गेल्यावर सात दिवस वही ठेवा. आपला रकाना नंतर भरा, आधी अम्मीचा भरा.