नंबर कुणाच्या नावावर?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



फुटपाथवरच्या बाईच्या हातात मोबाईल दिसला की लोक म्हणतात, 'घर नाही, पण मोबाईल आहे!' मी मुंबईत या बायकांमध्ये काम करते. अहो, घर नाही म्हणूनच तर फोन लागतो. धुण्याभांड्याचं काम देणारी मालकीण तिला निरोप धाडणार कुठल्या पत्त्यावर? रात्री संडासला जाताना बॅटरी म्हणूनही तोच. चार्जिंग मात्र चहावाल्याच्या मर्जीवर. कुणी पैसे घेतो, कुणी अंगचटीला येतो. झोपताना फोन पोलक्यात खोचायचा, तरी चोरीला जातो. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की भांड्याकुंड्यांबरोबर चार्जरही जातो.

फोन गेला की बहुतेकदा नंबरही जातो, कारण सिम नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या नावावर. काही महिने रिचार्ज जमलं नाही तर कंपनी नंबर बंद करते, पुढे दुसऱ्याच कुणाला देते. आणि ओटीपी येणार आधारला जोडलेल्या त्या जुन्याच नंबरवर. नवा जोडायला केंद्रावर स्वतः जायचं, म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली.

२०२४ साली 'माझी लाडकी बहीण' योजना आली, महिना १५०० रुपये. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधारवर ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही! ज्याच्या माराला कंटाळून ती स्टेशनवर येऊन राहिली, त्यालाच विचारायचं, 'आकडा आला का?' एकीनं फोन केलाही. तो म्हणाला, 'आधी कुठे आहेस ते सांग.' तिनं फोन ठेवला. १५०० रुपयांवर पाणी सोडलं.

ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांना कागद दाखवून वाट मिळाली. पण टाकलेल्या बाईकडे कसला कागद असतो? परित्यक्तांचा प्रश्न आपली चळवळ ऐंशीच्या दशकापासून मांडते आहे. ही योजना त्यांना पात्र म्हणते, आणि पुन्हा नवऱ्याच्याच दारात उभं करते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांत लाख लोकवस्तीमागे एक, चोवीस तास उघडा निवारा हवा असं बजावलं. त्या निवाऱ्यांत बायकांसाठी कुलपाचा खण आणि चार्जिंगची सोय मागू या. परित्यक्तेची ई-केवायसी तिच्या एकटीच्या आधारवर व्हावी, हीही मागणी आहे. निवेदनाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवलाय. जेवणाच्या सुट्टीत वाचा आणि दुरुस्त्या सुचवा.